चिमुकल्या चिपवर पायथन चालवताना

गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीत पातळी मोजणारा सेन्सर बसवायचा आहे. झाकणावर सेन्सर, मांडीवर लॅपटॉप आणि दोघांच्या मध्ये छोट्या चिपचा बोर्ड. सेन्सर कधी ९० सेंटिमीटर दाखवतो, कधी ३१, तर कधी काहीच नाही. प्रोग्राम सी भाषेत लिहिलेला असेल तर प्रत्येक शंकेपायी तीच फेरी मारावी लागते: एक आकडा बदलायचा, कम्पाइल करायचे, बोर्डवर चढवायचे, बोर्ड पुन्हा सुरू होईपर्यंत थांबायचे आणि मग निकाल बघायचा. उन्हात बसून अशा वीस-पंचवीस फेऱ्या झाल्या की माणूस नवा सेन्सर आणायला निघतो. दोष मात्र जंपर वायरीत असतो.

त्याच बोर्डवर मायक्रोपायथन, म्हणजे छोट्या चिपसाठीची पायथन, असेल तर पडद्यावर तीन बाणांची खूण वाट बघत असते. तिच्यापुढे एक ओळ टाइप करून एंटर दाबले की बोर्ड ती ओळ तिथल्या तिथे पाळतो आणि उत्तर देतो. पिन चालू करून मल्टीमीटर लावा, वायर हलवा, वरच्या बाणाची कळ दाबून तीच ओळ पुन्हा चालवा. आकडा वायरीबरोबर हलतो आहे हे दोन-चार प्रयत्नांत दिसते. या समोरासमोरच्या संवादाला जाणकार ‘रेपल’ म्हणतात. छोट्या चिपवर स्क्रिप्टची भाषा वापरण्याचे सर्वांत मोठे कारण हा संवादच आहे. पायथन शिकायला सोपी आहे हे कारण त्याच्या नंतरचे.

पण या सोयीची किंमत द्यावी लागते. ती कुठे द्यावी लागते हे आधी कळले तर पुढचे रात्रीचे बरेच जागरण वाचते.

मायक्रोकंट्रोलर म्हणजे प्रोसेसर, मेमरी आणि बाहेरच्या जगाशी बोलणाऱ्या पिना एकाच चिपवर असलेला संगणक. वॉशिंग मशीनमध्ये तो असतो, टीव्हीच्या रिमोटमध्ये असतो. सीमध्ये लिहिलेला प्रोग्राम आपल्या लॅपटॉपवरच यंत्रभाषेत उतरतो आणि चिपला आयता मिळतो. मायक्रोपायथनमध्ये चिपवर एक दुभाषी कायमचा मुक्कामाला असतो. आपण लिहिलेली फाइल तो बोर्डवरच वाचतो, तिचे बाइटकोड नावाच्या आटोपशीर खुणांमध्ये रूपांतर करतो आणि मग त्या खुणा एकेक करून पाळतो. या दुभाष्यापायी वेग जातो आणि रॅमही जाते. नवख्यांना काळजी वेगाची असते. प्रत्यक्षात काम अडते ते बहुतेक वेळा रॅमवर.

ही कल्पना नवी नाही. १९८० च्या दशकात इंटेलने ८०५२ या चिपची अशी आवृत्ती विकली होती की तिच्या ८ किलोबाइटच्या रॉममध्ये बेसिक भाषेचा दुभाषीच भरलेला असे. १९९२ मध्ये पॅरॅलॅक्स या अमेरिकी कंपनीचे ‘बेसिक स्टॅम्प’ आले. त्यात प्रोग्रामसाठी जागा होती फक्त २५६ बाइटांची, तरी त्यावर हजारो हौशी लोकांनी रोबो चालवले. १९९३ मध्ये रिओ द जानेरोच्या कॅथलिक विद्यापीठात लुआ भाषा जन्मली आणि पुढे ‘ई-लुआ’च्या रूपाने तीही मायक्रोकंट्रोलरवर उतरली. पायथनसारखी ऐसपैस भाषा मात्र एवढ्याशा जागेत मावणार नाही असेच समजले जात होते. केंब्रिजमध्ये काम करणारे ऑस्ट्रेलियन भौतिकशास्त्रज्ञ डेमियन जॉर्ज यांनी ती नव्याने लिहिली. २०१३ च्या नोव्हेंबरात त्यांनी किकस्टार्टरवर १५ हजार पौंडांची मदत मागितली. जमले ९७ हजारांहून अधिक. त्यातून पायबोर्ड आला. त्यात १९२ किलोबाइट रॅम होती आणि १ मेगाबाइट फ्लॅश. मायक्रोपायथन मुक्त परवान्याने खुले झाले आणि आज लेगोच्या स्पाइक प्राइम संचात, नमवर्क्सच्या कॅल्क्युलेटरमध्ये आणि ओपनएमव्हीच्या कॅमेऱ्यात तेच चालते.

बोर्ड निवडताना पहिला आकडा बघायचा तो रॅमचा. कॉलेजच्या प्रयोगशाळेत सर्वत्र दिसणाऱ्या आर्डुइनो उनोमध्ये २ किलोबाइट रॅम आणि ३२ किलोबाइट फ्लॅश असते. मायक्रोपायथनला काटकसरीने राहायलाही २५६ किलोबाइट फ्लॅश आणि १६ किलोबाइट रॅम लागते. म्हणजे उनोवर ते बसणारच नाही. ‘जुन्या उनोवर पायथन कसे टाकायचे’ या शोधात वेळ घालवू नये. ब्रिटनमध्ये २०१६ मध्ये सुमारे दहा लाख शाळकरी मुलांसाठी काढलेला बीबीसी मायक्रोबिट बरोबर या किमान रेषेवर होता, १६ किलोबाइट रॅमचा. त्यावर मायक्रोपायथन चालते, पण थोडा मोठा प्रोग्राम लिहिला की जागा संपते. ईएसपी८२६६ स्वस्त आहे, वायफायही देतो, पण त्यावर स्क्रिप्टच्या वाट्याला जेमतेम ३५-३६ किलोबाइट येतात. २०२१ च्या जानेवारीत ४ डॉलरला आलेल्या रास्पबेरी पाय पिकोमध्ये २६४ किलोबाइट रॅम आहे आणि त्यातली दोनशे किलोबाइटच्या आसपास आपल्या हाती लागते. ईएसपी३२ आणि पिको २ यांच्या चिपमध्ये ५२० किलोबाइट आहे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत पहिला बोर्ड घ्यायला जाणाऱ्याने पिको किंवा ईएसपी३२ मागावा. वायफाय हवे असेल तर पिको नव्हे, पिको डब्ल्यू, हे दुकानातच तपासून घ्यावे. दोन्ही बोर्ड आकाराने सारखेच असतात.

सुरुवातीला आणखी दोनच गोष्टी लागतात. बोर्डसाठी मायक्रोपायथनच्या संकेतस्थळावरून त्याच बोर्डचे फर्मवेअर आणि लॅपटॉपसाठी थॉनी हा एस्टोनियाच्या तार्तू विद्यापीठात तयार झालेला संपादक. पिकोवरचे बूटसेलचे बटण दाबून धरून यूएसबी लावले की तो पेन ड्राइव्हसारखा उघडतो. त्यात फर्मवेअरची फाइल टाकली की काम झाले. जी फाइल ‘मेन डॉट पीवाय’ या नावाने बोर्डवर ठेवली जाते, ती वीज येताच आपोआप सुरू होते. आणि यूएसबीची वायर डेटाची असावी. चार्जिंगपुरत्या वायरीने बोर्डवरचा दिवा लागतो, पण लॅपटॉपला बोर्ड दिसत नाही, आणि बऱ्याच जणांची पहिली संध्याकाळ तिथेच वाया जाते.

आता टाकीकडे.

पाण्याची पातळी मोजायला अल्ट्रासॉनिक सेन्सर लावतात. तो आवाजाची एक लहर सोडतो आणि ती पाण्यावर आपटून परत यायला किती वेळ लागला ते एका पिनवर दाखवतो. आवाज २० अंश तापमानाला सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे जाऊन-येऊन प्रत्येक सेंटिमीटरला ५८ मायक्रोसेकंद. स्क्रिप्टची एक साधी ओळच पिकोवर काही मायक्रोसेकंद खाते. त्यामुळे ‘पिन वर गेली का, अजून वरच आहे का’ असे पायथनच्या लूपमधून विचारत बसले तर मापात चूक शिरते, आणि ती दर वेळी वेगळी असते. यावर तोड आहे. मायक्रोपायथनच्या ‘मशीन’ मॉड्यूलमध्ये ‘टाइम पल्स यूएस’ नावाचे फंक्शन आहे. ते आतून सीमध्ये लिहिलेले आहे. स्क्रिप्टने फक्त ‘मोज’ म्हणायचे, मोजणी सी करते, उत्तर स्क्रिप्टला मिळते.

या एका उदाहरणात सगळ्या विषयाचे सूत्र आहे. निर्णय स्क्रिप्टने घ्यावेत; नेमकी वेळ हार्डवेअरने किंवा सीमध्ये लिहिलेल्या फंक्शनने सांभाळावी. डीएचटी२२ हा तापमान-आर्द्रतेचा सेन्सर, डीएस१८बी२० हा एकतारी थर्मामीटर, निओपिक्सेलचे रंगीत दिवे यांचे वेळेला चिकटलेले काम मायक्रोपायथनमध्ये आधीच सीने केलेले आहे. निओपिक्सेलचा एक बिट सव्वा मायक्रोसेकंदाचा असतो. तो शुद्ध पायथनमधून घडवणे अशक्यच. पिकोमध्ये तर याहून पुढची सोय आहे. त्यात ‘पीआयओ’ नावाची आठ छोटी यंत्रे प्रोसेसरपासून स्वतंत्र चालतात. त्यांचा चार-सहा ओळींचा प्रोग्राम पायथनच्याच फाइलमध्ये लिहिता येतो आणि एकदा सुरू झाला की पायथन काय करते आहे याच्याशी त्याला देणेघेणे नसते. पंख्याचा वेग किंवा दिव्याची तीव्रता बदलायची असेल तर पिन ठरावीक लयीत चालू-बंद करणारे पीडब्ल्यूएमचे हार्डवेअर वापरावे, ते काम लूपमध्ये करू नये.

सेन्सरच्या दोन बारीक गोष्टी. एचसी-एसआर०४ आणि त्याचा जलरोधक भाऊ जेएसएन-एसआर०४टी ५ व्होल्टवर चालवले की त्यांचा प्रतिध्वनीचा सिग्नलही ५ व्होल्टचा येतो. पिकोची पिन ३.३ व्होल्टची आहे. मध्ये १ किलोओहम आणि २ किलोओहमचे रेझिस्टर लावून विभाजक करावा, म्हणजे ५ चे ३.३ होतात. हे टाळले तर बोर्ड काही दिवस चालतोही, आणि मग एक पिन कायमची मरते. दुसरे म्हणजे जलरोधक सेन्सरला जवळच्या वीस-पंचवीस सेंटिमीटरमधले दिसत नाही. टाकी ‘भरली’ असे ठरवण्याची रेषा सेन्सरपासून ३० सेंटिमीटर तरी खाली धरावी.

प्रतिध्वनी परत आलाच नाही तर ‘टाइम पल्स यूएस’ उणे आकडा देते, उणे १ किंवा उणे २. हा उणे आकडा ५८ ने भागून पुढे ढकलणारा प्रोग्राम सेन्सर आणि पाणी यांच्यातले अंतर शून्याहून कमी मानतो, टाकी तुडुंब समजतो आणि पाणी चढवणारी मोटर कधीच लावत नाही. म्हणून आधी उणे आकडा वेगळा काढावा, पाच मापे घ्यावीत, ती चढत्या क्रमाने लावून मधले उचलावे. सरासरीपेक्षा मधले माप बरे, कारण एखादे भलतेच माप आले तर ते सरासरीला ओढून नेते, मधल्या मापाला नाही. लावण्याची आणि बंद करण्याची पातळीही वेगवेगळी ठेवावी. मोटर २० टक्क्यांवर लागावी, ९० टक्क्यांवर थांबावी. दोन्ही एकच असतील तर पाण्याच्या लाटेबरोबर मोटर चालू-बंद करणारा रिले टकटक करत बसतो. हे सगळे पायथनमध्ये पंधरा-वीस ओळींचे काम आहे आणि याच जागी स्क्रिप्टची भाषा शोभते.

मोटर जोडण्याआधी एक गोष्ट प्रत्येकाने स्वतः करून बघावी. एलईडी लावलेली पिन चालू करायची आणि पुढच्याच ओळीत मुद्दाम शून्याने भागायचे. प्रोग्राम चूक दाखवून थांबतो, तीन बाण येतात, आणि एलईडी पेटलेलाच राहतो. मायक्रोपायथनमध्ये न सावरलेली चूक आली की प्रोग्राम संपतो, पण पिना शेवटच्या अवस्थेतच राहतात. एलईडीच्या जागी मोटरचा रिले असेल तर टाकी भरून गच्चीवरून पाणी वाहत राहील. सीमधून आलेल्या माणसालाही ही गोष्ट चटकन लक्षात येत नाही, कारण सीच्या प्रोग्राममध्ये मुख्य लूप असा मध्येच संपत नाही.

याचा बंदोबस्त तीन पातळ्यांवर करावा. मुख्य लूप ‘ट्राय-फायनली’मध्ये ठेवावा आणि ‘फायनली’त मोटर बंद करावी. दुसरी पातळी वॉचडॉगची. हा चिपमधला राखणदार आहे; ठरलेल्या वेळात प्रोग्रामने त्याला ‘मी जागा आहे’ असे कळवले नाही तर तो बोर्ड रीसेट करतो. पिकोवर ही मुदत जास्तीत जास्त ८.३ सेकंदांची असते आणि एकदा सुरू केल्यावर तो थांबवता येत नाही. म्हणून फाइलच्या सुरुवातीला चार-पाच सेकंदांची विश्रांती ठेवावी, म्हणजे कंट्रोल-सी दाबून प्रोग्राम अडवायला वाव मिळतो. नाहीतर आपल्याच बोर्डमध्ये शिरणे कठीण होते. राखणदाराला खबर देण्याचे काम टायमरवर कधीही सोपवू नये. मुख्य लूप अडकला तरी टायमर खबर देतच राहील. माप घेतले, निर्णय झाला, रिले ठरल्याप्रमाणे आहे, एवढे झाल्यावरच लूपच्या शेवटी ती द्यावी.

तिसरी पातळी सॉफ्टवेअरच्या बाहेरची आहे. बोर्ड रीसेट होत असताना पिना अधांतरी असतात. रिले मॉड्यूलच्या इनपुटवर एक रेझिस्टर असा लावावा की पिन अधांतरी असली तरी रिले बंदच राहील. बाजारातले बरेच रिले मॉड्यूल शून्य व्होल्टला चालू होतात, हे लावण्याआधी तपासावे. आणि टाकीत एक साधा फ्लोट स्विच बसवून तो मोटरच्या वायरिंगमध्येच घ्यावा, बोर्डला न विचारता मोटर तोडणारा. १ हॉर्सपॉवरची मोटर ७४६ वॉटची असली तरी सुरू होताना कित्येक पट करंट ओढते. १० अँपिअर लिहिलेल्या निळ्या रिलेने ती थेट चालवू नये. रिलेने कॉन्टॅक्टर, म्हणजे मोठ्या करंटचा स्विच, ओढावा आणि कॉन्टॅक्टरने मोटर चालवावी. २३० व्होल्टची बाजू जाणत्या इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्यावी. इथे हौस नको.

पाणी नसताना मोटर फिरत राहिली तर ती जळते. त्यासाठी अर्ध्या इंची लाइनवर वायएफ-एस२०१ सारखा फ्लो सेन्सर लावता येतो. तो लिटरला सुमारे ४५० पल्स देतो; मिनिटाला २० लिटर पाणी वाहत असेल तर सेकंदाला १५० पल्स झाल्या. एवढे मोजणे पायथनच्या इंटरप्टला सहज जमते, पण इथे एक कडक नियम आहे. इंटरप्ट येताच तातडीने धावणाऱ्या फंक्शनमध्ये नवी मेमरी मागता येत नाही. दशांश संख्या तयार करणे, यादीत भर घालणे, मजकूर जोडणे या सगळ्यांना मेमरी लागते, म्हणून तिथे चूक येते. त्या फंक्शनने फक्त एक पूर्णांक वाढवावा. लिटरचा हिशेब मुख्य लूपने करावा. मोटर लागून ३० सेकंद झाले आणि पल्स आल्या नाहीत तर मोटर बंद करून तसे नोंदवावे.

मेमरीचा मुद्दा इथे पुन्हा आला, आणि तो सविस्तर सांगण्यासारखा आहे. मायक्रोपायथन रॅममधली मोकळी जागा १६-१६ बाइटांच्या खणांमध्ये वाटते. वापरून झालेले खण गोळा करून पुन्हा मोकळे करण्याचे काम अधूनमधून आपोआप चालते, त्याला गार्बेज कलेक्शन म्हणतात. पण खण मोकळे झाले तरी ते सरकवून एकत्र केले जात नाहीत. एसटीत वीस जागा रिकाम्या असल्या तरी पाच जणांच्या कुटुंबाला शेजारी-शेजारी बसायला मिळेलच असे नाही, तसे इथे होते. एकूण ३० किलोबाइट मोकळे दिसतात आणि ४ किलोबाइटचा सलग तुकडा मागितला की ‘मेमरी एरर’ येते. प्रोग्राम टेबलावर तासभर नीट चालतो आणि गच्चीवर तिसऱ्या दिवशी बंद पडतो, त्यामागे पुष्कळदा हेच असते.

उपाय साधा आहे, मात्र सवय लावून घ्यावी लागते. मोठे बफर प्रोग्राम सुरू होतानाच, रॅम मोकळी असताना, एकदा घेऊन ठेवावेत आणि तेच पुन्हा पुन्हा वापरावेत. वाचण्यासाठी ‘रीड’ऐवजी ‘रीडइंटू’ वापरावे, म्हणजे दर वेळी नवा तुकडा लागत नाही. लूपमध्ये अधिकच्या चिन्हाने मजकूर जोडत नेऊ नये. पायथनमधला मजकूर बदलता येत नाही, प्रत्येक जोडणीला नवी प्रत तयार होते. कामाचा एक फेरा संपला, आता घाई नाही, अशा क्षणी ‘जीसी कलेक्ट’ स्वतःहून चालवावे. नियमित केले की ते थोडक्यात आटोपते आणि नको त्या वेळी मध्ये येत नाही. ‘जीसी मेम फ्री’चा आकडा रोज एकदा नोंदवावा. तो दिवसेंदिवस उतरत असेल तर कुठेतरी यादी वाढते आहे हे आठवडाभर आधी कळते.

कधी प्रोग्राम सुरू होण्याआधीच मेमरी संपते. त्याचे कारण वेगळे. फाइलचे बाइटकोड करण्याचे काम बोर्डवरच होते आणि मोठ्या फाइलला त्यासाठीच बरीच रॅम लागते. अशा वेळी ‘एमपीवाय-क्रॉस’ या साधनाने लॅपटॉपवरच बाइटकोड तयार करून बोर्डवर ठेवावे. फर्मवेअर बदलले की ते पुन्हा करावे लागू शकते, कारण दोन्हींची आवृत्ती जुळावी लागते. त्यापुढची पायरी म्हणजे आपले मॉड्यूल फर्मवेअरमध्येच ‘गोठवणे’. गोठवलेले बाइटकोड फ्लॅशमधूनच चालते, रॅममध्ये चढत नाही. स्थिर झालेली लायब्ररी गोठवावी, रोज बदलणारी फाइल मोकळी ठेवावी.

फ्लॅशलाही मर्यादा आहे. तिचा एक भाग साधारण एक लाख वेळा पुसता येतो. दर दहा सेकंदांनी नोंद लिहायची तर दिवसाला ८,६४० वेळा लिहावे लागते. तीच जागा दर वेळी पुसली गेली तर बारा दिवसांच्या आत लाखाचा टप्पा येईल. पिकोवरची ‘लिटलएफएस’ ही फाइल व्यवस्था लिखाण वेगवेगळ्या जागी पसरवते आणि अचानक वीज गेली तरी सहसा जुनी फाइल शाबूत ठेवते. आपल्याकडे लाइट कधी जाईल याचा नेम नसलेल्या गावात हा गुण मोलाचा आहे. तरीही पातळीत ठळक बदल झाला तरच लिहावे. वीज गेल्यावर पिको वेळही विसरतो. मोटर पहाटे ठरावीक वेळी लावायची असेल तर नाणे-सेल असलेले डीएस३२३१ हे घड्याळाचे मॉड्यूल जोडावे.

वायफायबद्दल एकच सूचना, पण महत्त्वाची. ‘नेटवर्क मिळेपर्यंत फिरत राहा’ असा लूप बहुतेक नमुन्यांमध्ये आढळतो. राउटर बंद असेल तर प्रोग्राम तिथेच अडकतो आणि टाकीकडे कोणी बघत नाही. आधी टाकी, मग इंटरनेट. जोडणीचा प्रयत्न काही सेकंदांचा करावा, जमले नाही तर पुढच्या फेरीत पुन्हा बघावे.

मराठी वाचकाला हमखास पडणारा एक प्रश्न असा: छोट्या ओएलईडी पडद्यावर ‘मोटर चालू’ असे मराठीत दिसेल का? मायक्रोपायथनमध्ये देवनागरी मजकूर ठेवता येतो, एकेका चिन्हाला तीन बाइट लागतात. पण पडद्यावर लिहिणाऱ्या फंक्शनकडे ८ बाय ८ ठिपक्यांची इंग्रजी अक्षरेच असतात, आणि जोडाक्षरे, वेलांट्या जुळवण्याची यंत्रणा एवढ्या जागेत नसते. यावर सोपा मार्ग आहे. लागतील ते आठ-दहा शब्द लॅपटॉपवर चांगल्या फाँटमध्ये लिहून त्यांची एकरंगी चित्रे करावीत. १२८ बाय १६ ठिपक्यांचे एक चित्र २५६ बाइटांत मावते. आकडे वेगळ्या चित्रांतून जोडावेत. ज्या घरात मोटर आजी लावतात, तिथे पडद्यावर ‘टाकी भरली’ दिसणे ही मोठी सोय आहे.

पायथनच घ्यावी असे बंधन नाही. ॲडाफ्रूट कंपनीने २०१७ मध्ये मायक्रोपायथनपासून वेगळी केलेली सर्किटपायथन वर्गात शिकवायला उत्तम आहे. बोर्ड पेन ड्राइव्हसारखा दिसतो, फाइल जतन केली की प्रोग्राम आपोआप सुरू होतो. मात्र तिच्यात आपले इंटरप्ट फंक्शन लिहिता येत नाही, म्हणून टाकीसारख्या कामाला मायक्रोपायथन बरे. ईएसपी८२६६ पडून असेल तर त्यावरचे नोडएमसीयू फर्मवेअर लुआ चालवते. लुआ आकाराने लहान असल्याने तिथे ती पायथनपेक्षा मोकळा श्वास घेते. जावास्क्रिप्ट येणाऱ्यांसाठी गॉर्डन विल्यम्स यांचे एस्प्रुइनो आहे. बँगल.जेएस नावाचे मनगटी घड्याळ त्यावर चालते.

काही कामांना यातले काहीच लावू नये. ड्रोनच्या मोटरचा तोल सांभाळणे, आवाजावर प्रक्रिया करणे, किंवा ज्यात उत्तर शंभर मायक्रोसेकंदांच्या आत, दर वेळी, न चुकता हवे असते असे कोणतेही काम सीचे आहे. पायथनचा लूप सीपेक्षा दहापट ते शंभरपट हळू असतो, आणि त्याहून अडचणीची गोष्ट म्हणजे गार्बेज कलेक्शनची विश्रांती कधी येईल हे आधी सांगता येत नाही. ‘व्हायपर’सारख्या सोयींनी एखादे फंक्शन खूप वेगवान करता येते, पण सगळा प्रोग्रामच तसा लिहावा लागत असेल तर भाषा चुकली असे समजावे. लाखो नग बनवणाऱ्या कारखान्यालाही दर नगामागे मोठी चिप परवडत नाही. आणि जिथे चूक झाल्यास जिवाला धोका आहे, अशा यंत्राचा घाट स्क्रिप्टवर घालू नये. सेकंदांच्या गतीने चालणारी टाकी, हरितगृह, पर्जन्यमापक, शाळेतला प्रयोग, प्रयोगशाळेतले माप, कारखान्यातला नमुना-प्रकल्प: इथे मात्र स्क्रिप्ट निःशंकपणे वापरावी.

चालू यंत्राशी बोलता येण्याचे मोल नासाच्या लोकांनीही अनुभवले आहे. १९९९ च्या मे महिन्यात ‘डीप स्पेस १’ या यानावर स्वयंचलित नियंत्रणाचा प्रयोग चालू असताना लिस्प भाषेतला प्रोग्राम मध्येच अडला. यान पृथ्वीपासून कोट्यवधी किलोमीटर दूर होते, पण त्यावर रेपल होता. त्यामुळे आत नेमके काय अडले आहे हे जमिनीवरून विचारता आले आणि दोष सापडला.

टाकीचे काम हाती घेणाऱ्याने पहिल्या आठवड्यात रिले जोडूच नये. त्या जागी एलईडी लावावा, फाइलमध्ये नोंदी घ्याव्यात, मधूनच वायफाय बंद करावे, सेन्सरची वायर उपटून बघावी, मेन स्विच दोनदा पाडावा. एलईडी प्रत्येक वेळी बरोबर वागला, तरच आठव्या दिवशी इलेक्ट्रिशियनला बोलवावे.